काठातले दोन राखाडी

मानवी मेंदू जगाकडे कसा पाहतो, या प्रश्नाचं उत्तर मध्य भारतात प्रथम आमच्या केंद्रात मिळालं. हे वाक्य माझं नाही. ते आमच्या संचालकांच्या भाषणातलं आहे आणि ते भाषण मी टाइप केलं होतं. ज्या खोलीत हे उत्तर मिळालं, तिला चारही बाजूंनी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकलेली होती. ज्या मेंदूकडून ते मिळालं, त्याच्या मालकाला भाषणाचं निमंत्रण नव्हतं.

नागपूरची राजधानी गेली त्याला तेव्हा दोन उन्हाळे झाले होते. सचिवालय मुंबईला गेलं, साहेब लोक गेले, त्यांच्या मोटारी गेल्या. मागे राहिलेल्यांनी मग मोठेपणाची आपापली सोय केली. गल्लीतल्या वाचनालयाच्या पाटीवर ‘प्रांतिक’ हा शब्द होता तिथे ‘अखिल भारतीय’ आला. आमच्या संचालकांनी एक बंगला भाड्याने घेतला, दोन धनिकांना गाठलं आणि दृष्टी व मेंदू यांच्या अभ्यासाचं केंद्र काढलं. ते केंद्र पुढे चार वर्षांत बंद पडलं आणि बंगल्यात शिवणाचे वर्ग सुरू झाले. पण त्या उन्हाळ्यात तिथे विलायतेहून आलेलं यंत्र होतं, आणि ते चालवायला मी होतो. माझा हुद्दा सहायकाचा. केंद्रात संचालक, मी आणि एक माळी एवढेच असल्यामुळे मी नेमका कोणाचा सहायक, हे ठरवणं अवघड नव्हतं.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. माणसाच्या डोक्याला बारीक तारा चिकटवायच्या. मेंदूत अगदी क्षीण वीज खेळत असते, ती यंत्र वाढवून घेतं, आणि आठ लेखण्या सरकत्या कागदावर तिच्या लाटा काढतात. घरच्या विजेची गुणगुण त्यात मिसळू नये म्हणून ती जाळी, आणि त्याच कारणाने खोलीत पंखा लावायचा नाही. एप्रिलमध्ये नागपुरात बंद खोलीत पंखा न लावता बसणं हा स्वतंत्र प्रयोग होता, पण त्याची नोंद आम्ही ठेवली नाही. लेखण्यांतली शाई वाळायची. मी दर पाऊण तासाने त्या सुईने मोकळ्या करायचो.

संचालकांना शोधायचं होतं ते असं: डोळ्यासमोर एक राखाडी चौकोन धरला आणि त्यामागचा दिवा ठरावीक गतीने लुकलुकवला, तर मेंदूच्या मागच्या भागात त्याच गतीने लाटा उठतात. आता त्या चौकोनाला हात न लावता त्याच्या शेजारी काळ्यापांढऱ्या पट्ट्या आणून ठेवल्या, तर मधल्या चौकोनाच्या लाटा तशाच राहतात की बदलतात? म्हणजे शेजाऱ्याचा परिणाम होतो का? चांगला प्रश्न होता. संचालकांना चांगले प्रश्न सुचत. उत्तरं आली की मात्र ते अस्वस्थ होत.

अडचण होती माणसाची. तासन् तास एका बिंदूवर नजर ठेवून बसणारा माणूस मिळेना. कॉलेजचे विद्यार्थी चुळबुळ करत. एक कारकून आणला, तो पहिल्या दहा मिनिटांत घोरू लागला. संचालक दोन दिवस त्या घोरण्याच्या लाटा भिंगातून पाहत होते.

मी तेव्हा सक्करदऱ्याकडे एका खोलीत राहत असे. माझ्या मागच्या गल्लीत एक विणकर राहायचा, चाळिशी उलटलेला. दिवसभर मागावर बसून चार बोटं रुंद काठावर नजर लावायची आणि एक धागा तुटला तर आडवं सूत नेणारा धोटा पुढे जायच्या आत ते ओळखायचं, हे त्याचं आयुष्य. मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा तो मागावर नव्हता, आणि दिवसाउजेडी हे कधी घडत नसे. तो उंबऱ्यावर बसला होता आणि मांडीवर घडी केलेलं लुगडं होतं.

“नापास केलं,” तो म्हणाला. “दुसऱ्यांदा.”

तो हातमागाच्या एका संस्थेसाठी विणायचा. संस्था सूत देई, नमुना देई, आणि तयार माल तिचा परीक्षक पाहून पास-नापास करी. त्या वर्षी संस्थेने एक नवा काठ काढला होता आणि हात चांगला म्हणून तो एकट्या यालाच दिला होता. काठात बोटभर रुंदीच्या दोन राखाडी पट्ट्या होत्या. एक बाहेरच्या बाजूला, दोन्हीकडे काळा. दुसरी आतल्या बाजूला, दोन्हीकडे पांढरा. परीक्षकाचं म्हणणं असं की या दोन पट्ट्या दोन वेगळ्या सुतांच्या आहेत: काळ्यातली उजळ, पांढऱ्यातली मळकट. म्हणजे संस्थेने दिलेलं अर्धं सूत याने बाहेर विकलं आणि जागा बाजारच्या सुताने भरली. थोडक्यात, चोर.

“एकाच लडीचं सूत हाये गा भाऊ,” तो म्हणाला. “तेच ते. काळ्याच्या मधी टाकलं का उजयते, पांढऱ्याच्या मधी टाकलं का मैलं दिसते. माह्या बापालेबी मालूम होतं. त्या परीक्षकाले काहून मालूम नाई?”

तिसऱ्यांदा नापास झाला की संस्थेच्या यादीतून नाव जाणार होतं. नाव गेलं की सूत बंद, आणि चोर हा शिक्का लागलेल्या विणकराला दुसरी संस्था उभी करत नसे. तिसरं लुगडं मागावर चढलेलं होतं.

इथे मी जे केलं ते मला आजही आवडत नाही. मी त्याला म्हणालो की हाच प्रश्न आमच्या यंत्रापुढे आहे. तुम्ही पंधरा दिवस आमच्याकडे बसा, यंत्र कागदावर लिहून देईल आणि आमचे साहेब त्याखाली सही करतील. शिक्क्यासकट. साहेबांना विचारण्याआधीच मी त्यांची सही देऊन टाकली होती.

त्याची बायको आत कांड्यांवर सूत भरत होती. तिने हात न थांबवता विचारलं, “भाऊजी, मशीन डोक्यातलं सांगते म्हनता?”

“हो.”

“मंग न्या. वीस वर्स झाली, मले त पत्ता लागला नाई काय हाये तिथं.”

अशा रीतीने तो आमच्या वहीत ‘प्रयोगविषय क्रमांक एक’ झाला. क्रमांक दोन कधी झाला नाही.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. संचालकांनी स्वतः काळ्या शाईने पट्ट्यांचा तक्ता रंगवला होता. लेखण्यांच्या लाटा मात्र वेड्यावाकड्या येत होत्या. काही केल्या चौकोनाची लय उमटेना. मी जाळीतून विचारलं, “काय करताय तुम्ही?”

“मोजून राहिलो.”

“काय मोजताय?”

“पट्ट्या.”

संचालक म्हणाले, “त्याला सांगा, मोजायचं नाही. नुसतं पाहायचं.”

तो म्हणाला, “साहेब, नुसतं कसं पायतेत?”

तीन दिवस गेले त्याचं मोजणं सोडवण्यात. पट्ट्या दिसल्या की त्याची नजर डावीकडून उजवीकडे चालू लागायची. लहानपणापासून तिला तेच काम. चौथ्या दिवशी तो म्हणाला, “मोजनं सोडतो. पन पयले ते सातवी पट्टी नीट करा. जाड हाये.” संचालकांनी फूटपट्टी मागवली. डावीकडून सातवी पट्टी खरोखर इतरांपेक्षा सुताभराने जाड होती. तक्ता नवा झाला. त्यानंतर तो शांत बसला, आणि लेखण्यांनी अशा सरळ, एकसारख्या लाटा काढल्या की मी कागदाकडे पाहत राहिलो.

मग विलायती लेप संपला. तारा डोक्याला चिकटवण्यासाठी तो लागे, आणि नागपूरच्या उन्हाने डबा उघडल्यापासून आठवड्यात त्याचं चामडं केलं होतं. नवा डबा येईपर्यंत काम थांबवायचं ठरत होतं. विणकराने त्या वाळलेल्या लेपाला बोट लावून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं यात काय असतं. मी म्हणालो, चिकटपणा आणि मीठ. दुसऱ्या दिवशी तो लोटाभर खळ घेऊन आला. सुताला पाजणी करतात ती, तांदळाची, आणि वरून मीठ. तारा अशा बसल्या की संध्याकाळी काढताना त्याचे केस आले. या प्रयोगावर पुढे छापून आलेल्या निबंधात ही खळ ‘स्थानिक पातळीवर विकसित केलेले वाहक माध्यम’ या नावाने आहे. विकसित कोणी केलं ते तिथे नाही.

पंधराव्या दिवसापर्यंत माझ्याकडे कागदाच्या पट्ट्यांचा भारा झाला. त्या मी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायचो, त्यावर पारदर्शक कागद ठेवून लाटा गिरवायचो आणि उंची फूटपट्टीने मोजायचो. शंकेला जागा नव्हती. चौकोन तोच, दिवा तोच, डोकं तेच. शेजारी पट्ट्या नसतील तेव्हा लाट उंच. पट्ट्या जवळ आणल्या की ती खाली बसे. पट्ट्या दूर सरकवल्या की पुन्हा वर. डोळा राखाडी रंगाला एकटं पाहतच नाही. तो त्याला शेजाऱ्यांसकट पाहतो आणि शेजाऱ्यांप्रमाणे त्याची किंमत करतो. विणकराच्या बापाला हे ठाऊक होतं. आता ते कागदावर आलं होतं.

संचालक आनंदाने लाल झाले. त्यांनी त्याच आठवड्यात समारंभ ठरवला. सीताबर्डीवरून हार आले, एक माजी मंत्री आले. भाषणाची सुरुवात ऋषिमुनींपासून झाली आणि यंत्रापर्यंत यायला पाऊण तास लागला. “आपण जे पाहतो ते सत्य नसते,” संचालक म्हणाले, “आपला डोळा आपल्याला फसवतो, आणि हे आम्ही सिद्ध केले आहे.” टाळ्या झाल्या. माजी मंत्र्यांनी यंत्राला हार घातला, तेव्हा दोन लेखण्या वाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विणकराला घेऊन संचालकांच्या खोलीत गेलो. तिसरं लुगडं तयार होतं. नेहमी जे आठ दिवसांत उतरतं, ते पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं विणून, डोक्यावर खळीचे चट्टे घेऊन त्याने पुरं केलं होतं. परीक्षकाने ते आधीच पाहून बाजूला ठेवलं होतं; सोमवारी समितीपुढे सुनावणी होती आणि तोवर माल सोबत न्यायची परवानगी मिळाली होती. मी सगळं सांगितलं. चार ओळींचं पत्र हवं होतं: एकाच रंगाची पट्टी काळ्यात आणि पांढऱ्यात वेगळी दिसते, हे आमच्या प्रयोगात आढळलं आहे. खाली सही.

संचालकांनी लुगडं खिडकीपाशी नेलं. काठ उजेडात धरला. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“पण हे वेगळेच आहेत,” ते म्हणाले.

“सर?”

“हे दोन राखाडी वेगळे आहेत. मला स्पष्ट दिसतंय.”

मी म्हणालो, “सर, तेच तर आपण कालच्या भाषणात...”

“तो प्रयोगशाळेतला राखाडी. हा बाजारातला.” त्यांनी लुगड्याची घडी माझ्या हातात दिली. “मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाकारून खोटं पत्र कसं देऊ? आणि उद्या गावातला प्रत्येक विणकर लुगडं घेऊन माझ्या दारात उभा राहील, त्याचं काय?”

विणकर इतका वेळ दाराशी उभा होता. तो म्हणाला, “साहेब, मी त अंदर येऊन बसलो होतो न पंधरा दिवस. दारात कोन उभं राह्यलं?”

संचालकांनी घड्याळ पाहिलं. आम्ही निघालो. बाहेर आल्यावर मी सायकलीचं कुलूप काढलं. मला त्याची माफी मागायची होती. तो म्हणाला, “सोमवारी तुमी याल न भाऊ?” मी हो म्हणालो.

सोमवारी संस्थेच्या कचेरीत तीन जणांची समिती बसली होती: मधे अध्यक्ष, डावीकडे एक सभासद जो शेवटपर्यंत काही बोलला नाही, उजवीकडे परीक्षक. म्हणजे ज्याने आरोप केला तोच निकाल द्यायला बसला होता. हे कोणाला खटकलं नाही. मी माझ्या पट्ट्यांची गुंडाळी टेबलावर उलगडली.

अध्यक्षांनी वाकून पाहिलं. “हे कोणाच्या हृदयाचे ठोके?”

“मेंदूच्या लाटा आहेत.”

“कोणाच्या मेंदूच्या?”

“यांच्याच.”

“म्हणजे,” अध्यक्ष सावकाश म्हणाले, “आरोपीच्याच डोक्यातून पुरावा काढला.”

परीक्षक हसला. “डोक्यातलं राहू द्या, काठातलं सांगा. साहेबांचं पत्र आणलंय?”

“नाही.”

“तुमचा हुद्दा?”

“सहायक.”

“कोणाचे?”

मी संचालकांचा म्हणालो. त्यांनी पत्र का दिलं नाही, असं अध्यक्षांनी विचारलं. याचं खरं उत्तर देणं म्हणजे परीक्षकाच्या बाजूने साक्ष देणं होतं. मी गप्प राहिलो, आणि ते वहीत लिहिलं गेलं.

तरी मी एक तयारी करून गेलो होतो. एका पोस्टकार्डाला दोन चौकोनी भोकं पाडली होती, दोन्ही राखाडी पट्ट्या नेमक्या दिसतील आणि शेजारचा काळा-पांढरा झाकला जाईल अशा अंतरावर. यंत्र नको, जाळी नको, खळ नको. यातून पाहिलं की दोन्ही पट्ट्या एक व्हायच्या. मी घरी वीस वेळा पाहिलं होतं. मी कार्ड काठावर ठेवलं आणि परीक्षकाला म्हणालो, पाहा.

त्याने पाहिलं नाही. “संस्थेच्या नियमात माल भोकातून पाहायची तरतूद नाही,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक लुगडं भोकातून नेसतं का?”

यावर अध्यक्षही हसले. मला वाटतं, त्या खोलीत जे काही हरायचं होतं ते याच क्षणी हरलं. आजही कोणी मोठ्या आवाजात सत्याच्या शोधाबद्दल बोलू लागलं की मला ते पोस्टकार्ड आठवतं. एक डोळा मिटून दोन पळं पाहायचं होतं. त्याची किंमत काही नव्हती आणि ते कोणी केलं नाही.

विणकर इतका वेळ हात जोडून उभा होता. त्याने हात सोडले. “कात्री हाये का?” त्याने विचारलं.

टेबलावरच होती, नमुने कापायची. अध्यक्षांनी ती पुढे सरकवली. त्यांना वाटलं असावं, एखादा सुटलेला धागा कापायचा असेल. त्याने लुगडं टेबलावर पसरलं, काठ डाव्या हाताच्या बोटांवर घेतला आणि कापला. नऊ वार सलग विणलेलं लुगडं त्याने एका टोकाशी वीतभर आत कापलं. आवाज बारीक होता, पण मी तो अजून विसरलेलो नाही. दोन्ही राखाडी पट्ट्या त्याने मोकळ्या केल्या. काळा बाजूला केला, पांढरा बाजूला केला. मग दोन्ही तुकडे अध्यक्षांच्या टीपकागदावर एकमेकांना चिकटवून ठेवले.

कोणती कुठली, हे त्याच्याशिवाय कोणालाच सांगता आलं नसतं. मला वाटतं त्यालाही नाही.

अध्यक्षांनी बराच वेळ पाहिलं. “एकच दिसतात,” ते म्हणाले.

“आता एकच दिसतात,” परीक्षक म्हणाला.

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. मग परत बोलावून सांगितलं की निकाल लेखी मिळेल. रस्त्यात तो एवढंच म्हणाला, “दिसलं त्याहिले. मी पाह्यलं, त्याहिले दिसलं.” घरी पोहोचलो तेव्हा त्याच्या बायकोने आधी लुगड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “काहून कापलं वो?” तिने विचारलं. तो म्हणाला, “सांगतो.” मी तिथे थांबलो नाही.

पुढच्या महिन्यात त्याने माग उतरवून लाकडं आढ्याला टांगली आणि गिरणीत कताई खात्यात कामाला लागला. तिथे दिवसभर नुसतं पांढरं सूत असतं. शेजारी दुसरा रंग नसल्यामुळे त्याच्या कामाबद्दल कधी तक्रार आली नाही. मी केंद्र सोडलं. निबंध छापून आला, त्यात संचालकांनी यंत्र देणाऱ्या धनिकांचे, माजी मंत्र्यांचे आणि वीज खात्याचे आभार मानले होते. प्रयोगविषयाबद्दल एक वाक्य होतं: निरोगी प्रौढ पुरुष, अशिक्षित.

समितीच्या निकालाची नक्कल त्याने माझ्याकडून वाचून घेतली होती. सुताच्या आरोपाबद्दल तिच्यात काही नव्हतं. तो मागे घेतला असंही नव्हतं आणि खरा ठरला असंही नव्हतं. तिसरं लुगडं नापास झालं होतं आणि नियमाप्रमाणे नाव कमी केलं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘माल कापलेला.’

कात्री संस्थेची होती.